पडद्याआधीची वीस वर्षं

मरहूम शफी इनामदार यांचं नाव आजच्या मुलांपुढे घेतलं तर ती आधी मोबाइलवर फोटो शोधतात आणि मग म्हणतात, "अरे, हे तर सिनेमातले ते इन्स्पेक्टर!" मुलांचं चुकत नाही. हिंदी सिनेमानं त्यांना खाकी वर्दी पुष्कळदा चढवली. पण कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या आपल्या पट्ट्यात आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल. शफी इनामदार म्हणजे 'ये जो है जिंदगी'मधला रणजीत वर्मा.

ती मालिका 1984 साली दूरदर्शनवर सुरू झाली. आम्ही चार भावंडं तेव्हा शाळेत होतो. मोहल्ल्यात टीव्ही मोजके, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्या घरी शुक्रवारी रात्री पाय ठेवायला जागा नसायची. जुम्म्याचा दिवस असल्यामुळे मंडळी घरीच असायची. इशाची नमाज आटोपून पुरुषमाणसं त्या दिवशी मशिदीच्या पायरीवर गप्पा मारत थांबत नसत, हे आमच्या अम्मीनं बरोबर हेरलं होतं. कौलांवरचा ॲन्टेना मुंबईच्या दिशेला वळवायचा, एकानं वर चढून विचारायचं, "आलं का?", खालून दहा जणांनी ओरडायचं, "आलं, आलं, आता हात लावू नकोस!" भिवपुरी आणि खोपोलीच्या टाटांच्या वीजघरांतून आमच्या डोंगरांतलं पाणी वीज होऊन मुंबईला जायचं, आणि मुंबई त्या बदल्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास हसू पाठवायची, असं अब्बा म्हणत.

कुंदन शहा यांचं दिग्दर्शन आणि हिंदीतले नावाजलेले व्यंगलेखक शरद जोशी यांची लेखणी. रणजीत, त्याची बायको रेणू म्हणजे स्वरूप संपत, रेणूचा बेकार पण बेफिकीर भाऊ राजा म्हणजे राकेश बेदी, आणि दर भागात वेगळं सोंग घेऊन येणारे सतीश शहा. कथा म्हणावी तर काहीच नाही. नवरा-बायकोची किरकोळ कुरबुर, अचानक टपकलेला पाहुणा, शेजाऱ्यांची लुडबुड. आतापर्यंत पडद्यावर आम्ही पाहिलेलं कुटुंब एकतर रडत असायचं नाहीतर सूड घेत असायचं. इथं पहिल्यांदाच एक साधं घर दिसलं, ज्यात भांडण होतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मिटतं.

या सगळ्या गोंधळात शफीसाहेब काय करत, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. आज ते भाग पुन्हा पाहिले की कळतं. हसवण्याचं काम बाकीचे करतात आणि रणजीत ते झेलतो. सतीश शहा सोंग घेऊन येतात, राजा काहीतरी उपद्व्याप करून ठेवतो, रेणू रुसते. आणि मध्ये हा माणूस कपाळाला आठ्या घालून, आवाज न चढवता, समोरच्याकडे बघत राहतो. त्या बघण्यावर आपण हसतो. विनोदी मालिकेत ही जागा सगळ्यांत अवघड. लग्नाच्या मांडवात वाजंत्री सगळ्यांना ऐकू येते, पण पंगत ज्याच्यामुळे वेळेवर बसते त्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. शफीसाहेब त्या मालिकेत पंगत सांभाळणारे होते.

आणखी एक गोष्ट. रणजीत बायकोवर चिडायचा, पण तिचा अपमान करत नसे. मेहुण्याला बोलायचा, पण त्याचं ताट काढून घेत नसे. आमची दादी हिंदी फारसं समजत नसतानाही बसायची आणि म्हणायची, "हा माणूस घरातला वाटतो." आजच्या पुष्कळ विनोदी कार्यक्रमांत जाड्या माणसावर, काळ्या माणसावर, बायकोच्या माहेरावर हसू काढतात. आपण मुलांना घेऊन ते पाहतो आणि मग मुलं शाळेत तेच करतात. तेव्हा रणजीतच्या घराची आठवण येते.

तो माणूस 'आपला' आहे, हे आमच्या मोहल्ल्याला जरा उशिराच उमगलं. इनामदार हे आडनाव महाराष्ट्रात ब्राह्मणांतही असतं, मराठ्यांतही असतं आणि आपल्यातही. पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं जमिनीनं आणि कामानं दिली, त्यांनी कुणाचा धर्म विचारला नाही. पडद्यावर नाव वर्मा. बोलणं स्वच्छ हिंदी. एके शुक्रवारी अब्बांनी नावांच्या पाटीवर बोट ठेवून वाचलं, "शफी इनामदार. दापोलीकडचे. आपले कोकणी." दादीनं डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि पुढचा सगळा भाग ती वेगळ्याच नजरेनं पाहत होती. खेडचा, दापोलीचा, श्रीवर्धनचा माणूस म्हटला की तो एकतर बोटीवर नाहीतर आखातात, एवढंच आमचं जग. कोकणी मुसलमान मुलगा देशभराच्या घरोघरी नवरा म्हणून, भाऊजी म्हणून ओळखीचा होऊ शकतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिलं.

त्यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1945 चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या पांगारी गावचा. शिक्षण मुंबईत, डोंगरी-उमरखाडीच्या सेंट जोसेफ हायस्कूलमध्ये, आणि पुढे के. सी. कॉलेजातून बी.एस्सी. शाळेपासून नाटक आणि वक्तृत्व स्पर्धांची आवड. पदवीनंतर त्यांनी सिनेमाच्या स्टुडिओबाहेर रांग लावली नाही. ते नाटकात गेले. गुजराती रंगभूमीचे मोठे दिग्दर्शक प्रवीण जोशी यांच्या हाताखाली शिकले, इंडियन नॅशनल थिएटर आणि इप्टा या संस्थांशी जोडले गेले. हिंदी, गुजराती, मराठी, इंग्रजी अशा चार भाषांतून त्यांनी एकांकिका केल्या, बसवल्या. इस्मत चुगताई यांचं 'नीला कमरा' त्यांनी हिंदी रंगमंचावर आणलं. 1982 साली 'हम प्रॉडक्शन' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. सिनेमात ते पहिल्यांदा दिसले तेही त्याच साली, गोविंद निहलानींच्या 'विजेता'त. तेव्हा वय सदतिशीला आलेलं. 'ये जो है जिंदगी' आली तेव्हा चाळिशी दारात उभी.

म्हणजे कॉलेज सुटल्यापासून लोकांनी रस्त्यात ओळखेपर्यंत साधारण वीस वर्षं गेली. ही वीस वर्षं कुणी पाहिली नाहीत. त्या वर्षांचे फोटो नाहीत, चित्रफिती नाहीत. पण शुक्रवारी रात्री जो सहजपणा आम्हाला दिसायचा, तो त्या वीस वर्षांत तयार झाला होता.

1983 च्या 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी इन्स्पेक्टर हैदर अली केला. मूळ कथा आपल्या मराठीतल्या श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. हा हैदर अली कुठं शायरी फेकत नाही, गळ्यात तावीज घालून कव्वाली गात नाही, मित्रासाठी छातीवर गोळी झेलून तिसऱ्या रिळात मरतही नाही. तो फक्त एक शहाणा, व्यवहार कळणारा पोलीस अधिकारी आहे, जो ओम पुरींच्या अनंत वेलणकरला मित्र म्हणून सांभाळून घेतो. मुसलमान माणूस कचेरीत जातो, चहा पितो, मित्राची काळजी करतो, एवढं साधं चित्र हिंदी पडद्यावर फार थोड्यांनी उभं केलं. पुढे गुलजार यांच्या 'मिर्झा गालिब' मालिकेत, 1988 साली, नसीरुद्दीन शहांच्या गालिबसमोर ते शेख इब्राहीम जौक झाले. दरबारी शायराचा रुबाब आणि त्याच्या मनातली धाकधूक, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर असे. एक वर्मा, एक हैदर अली, एक उस्ताद जौक. तिन्ही जागी माणूस खरा वाटतो.

1995 साली त्यांनी 'हम दोनों' या सिनेमाचं दिग्दर्शन केलं. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर ही जोडी त्यांनी जमवली. आता हा माणूस मोठं काही करणार असं वाटत असतानाच 13 मार्च 1996 चा बुधवार आला. ईद होऊन तीनेक आठवडे झाले होते. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य लढत, भारत विरुद्ध श्रीलंका. सचिन 65 वर बाद झाला आणि मागोमाग रांग लागली. आठ बाद 120 वर प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, सामना थांबवला गेला आणि श्रीलंकेला बहाल झाला. सगळा देश त्या रात्री टीव्हीसमोर बसलेला होता. शफीसाहेबही. सामना पाहतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं पन्नास. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आमच्याकडे ती खबर दुसऱ्या दिवशी पोहोचली. मॅच हरल्याचं दुःख करत बसलेले आम्ही सगळे एकदम गप्प झालो.

त्यांच्या पत्नी म्हणजे भक्ती बर्वे. मराठी माणसाला ही ओळख जास्त मोठी. पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मधली मंजुळा, मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगणारा तो स्वच्छ आवाज, आणि कुंदन शहांच्या 'जाने भी दो यारों'मधली संपादिका शोभा. म्हणजे त्याच दिग्दर्शकानं 1983 मध्ये बायकोकडून आणि 1984 मध्ये नवऱ्याकडून लोकांना हसवून घेतलं. शफीसाहेबांनंतर पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. 12 फेब्रुवारी 2001 रोजी वाईहून मुंबईला परत जाताना द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या.

भाताणचा बोगदा आमच्या रोजच्या वाटेवरचा. खालापूरचा टोलनाका, मग माडपचा बोगदा, मग भाताणचा, की पनवेल आलंच. रस्ता तेव्हा नवा होता, पुरता खुलाही झाला नव्हता. कलाकाराचं आयुष्य असंच. संध्याकाळी एका गावात प्रयोग, रात्रीतून प्रवास, सकाळी दुसरीकडे हजर. पडद्यावर आपल्याला टाळ्या दिसतात, हा रस्ता दिसत नाही. आजही तिथून जाताना आमच्यातलं कुणी ना कुणी मनातल्या मनात दोघांची आठवण काढतं.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. आता आमच्या भागातच पडदा येऊन उभा राहिला आहे. चौकहून कर्जतला येताना लागणारा एन.डी. स्टुडिओ कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये सुरू केला. तेही मूळचे दापोलीकडचेच. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला आमच्या डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिला तेव्हा गावोगावची माणसं बघायला गेली होती. आमच्याकडच्या सुतारांना, रंगाऱ्यांना, टेम्पोवाल्यांना, जेवणाचे डबे पुरवणाऱ्या घरांना काम मिळालं. काही पोरं गर्दीत उभी राहायला जाऊ लागली. दिवसभर उन्हात फेटा बांधून उभं राहायचं, संध्याकाळी रोज घ्यायचा. देसाईंचा याच स्टुडिओत 2 ऑगस्ट 2023 रोजी ज्या रीतीनं शेवट झाला, त्यानं तालुका हादरला. एवढा नावाजलेला माणूसही आतून किती एकटा असू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आणि आता आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलीला नटी व्हायचंय. तिनं कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं, बक्षीस आणलं, आणि एके रात्री दस्तरखानावरच जाहीर करून टाकलं. तिच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे, सरळ माणूस. त्यांनी घास तसाच ठेवला. फुफी म्हणाल्या, "आपल्या खानदानात हे कधी झालं नाही." दुसऱ्या बाजूनं मुलीच्या भावानं शफी इनामदारांचं नाव काढलं. फुफी म्हणाल्या, "ते पुरुष होते." यावर त्या घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

नाटक-सिनेमा करावा की करू नये, याबाबत आपल्या समाजात मतं वेगळी आहेत, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या चार भावंडांतही दोन मतं आहेत. फतवा देणं हे आमचं काम नाही, त्यासाठी जाणकार आहेत. पण मुलीनं प्रश्न विचारला आहे आणि घरानं उत्तर द्यायचं आहे. नुसतं 'नाही' म्हटलं तर ती गप्प बसेल, किंवा चोरून जाईल. चोरून गेलेल्या मुलीला कोण भेटतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. मागच्या वर्षी तिच्याच मैत्रिणीला एका माणसानं मालिकेत काम देतो म्हणून फोटोंच्या नावाखाली तीस हजार रुपये भरायला लावले आणि फोन बंद केला. पोरीनं सोन्याची साखळी मोडली होती. घरात सांगायची सोय नव्हती म्हणून तक्रारही झाली नाही.

म्हणून आम्ही सगळे एकत्र बसलो आणि शफीसाहेबांचं आयुष्यच तिच्यापुढे मांडलं. शिक्षण आधी. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि मग नाटकाकडे वळले, तूही बी.कॉम. पुरं कर. काम नाही मिळालं तरी दुकानाचा हिशेब तुला सांभाळता येईल, कुणाच्या दयेवर राहावं लागणार नाही. दुसरं, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ टाकणं ही तालीम नाही. नाटकात जा, कोपऱ्यात उभी राहा, दुसऱ्याचं काम बघ. तिसरं, काम देणारा पैसे देतो, मागत नाही. जो मागतो त्याच्याकडे काम नसतं. कागदावर सही करायची ती अब्बांनी वाचल्यावर. चौथं, जाण्यायेण्याचं घरात सांगून. शेवटची कर्जत लोकल चुकली तर फोन करायचा, लाजायचं नाही. रात्री कितीही वाजले तरी घरचं कुणीतरी न्यायला येईल.

ती सगळं ऐकून म्हणाली, "आणि मला बुरखा घालून रडणाऱ्या बाईचंच काम दिलं तर?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. खरंच, मालिकांतून आपल्या बायका येतात कधी? आल्या तर तलाकच्या भागात येतात, नाहीतर बिर्याणी घेऊन ईदच्या भागात. भाजी निवडणारी, लोकल पकडणारी, मुलाच्या गणितावर वैतागणारी शेजारीण म्हणून येत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी एका कोकणी मुसलमानानं वर्मा होऊन साऱ्या देशाचं घर चालवून दाखवलं आणि कुणाला काही खटकलं नाही. आता आपल्या नावाचं, आपल्या बोलीतलं घर कुणी दाखवायचं असेल तर ते लिहिणारी, करणारी मुलं आपल्याच घरांतून निघायला हवीत. बाहेरचा माणूस आपल्या स्वयंपाकघरात काय चालतं ते कुठून आणणार? हे फुफींनाही पटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मान हलली.

आता दर रविवारी ती सकाळच्या गाडीनं मुंबईला एका नाट्यशिबिराला जाते. पहिले दोन रविवार अब्बा सोबत गेले, दिवसभर बाहेर बाकावर बसले आणि परत येताना तिला वडापाव घेऊन दिला. शिबिरात तिला सांगितलं, तुझी हिंदी चांगली आहे, पण उर्दू शब्द आले की जीभ मराठी होते. आमची सगळ्यांचीच होते, मराठी शाळेत शिकलेली माणसं आम्ही. फुफी मोहल्ल्यातल्या मुलांना नाजरा कुरआन शिकवतात. मगरिबनंतर मुलं गेली की भाची त्यांच्यासमोर उताऱ्याचा कागद घेऊन बसते. फुफींचं मत अजून बदललेलं नाही. पण 'काफ' घशातून निघाला नाही तर त्या तिला पुढची ओळ वाचू देत नाहीत.